कोणची लढाई सांगू?

आपल्या चळवळीला स्तंभ आवडतो. आवडलाच पाहिजे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब भीमा कोरेगावला जाऊन उभे राहिले तेव्हा त्या दगडात जीव आला. तोवर तो कंपनी सरकारचा दगड होता. परभणीहून, पूर्णेहून, गंगाखेडहून आपली पोरं रात्रभर प्रवास करून जातात, सलामी देतात, घसा बसेस्तोवर घोषणा देतात आणि परत येतात. मीही गेलोय. एकदा गर्दी जरा पांगल्यावर दगडावरची नावं वाचत उभा राहिलो. मेलेल्यांत शेवटी 'नाक' असलेली २२ नावं आहेत. नाक म्हणजे आपली माणसं. २२ नावं, आणि त्यातल्या एकाचंही एक वाक्य नाही.

दिवसभर लढले, पाण्याचा थेंब मिळेना, हे इंग्रजांनी लिहून ठेवलंय. तहान इंग्रजांच्या कागदात आहे. ज्याचा घसा कोरडा पडला तो मात्र कुठेच बोललेला नाही.

मित्रांनो, मी इथे आपल्याच साहित्याची झडती घेणार आहे. प्रस्थापितांना शिव्या देऊन हात मोकळे करून घेणं सोपं असतं. त्यांचाही हिशेब करू, पण घरातलं आधी.

मराठीत लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या साध्या माणसाचं पुस्तक म्हटलं की वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' पुढे येतो. भटजी चार पैसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात अडकले. पुस्तक चांगलं आहे, खोटं कशाला बोला. भटजी भ्यायले, लपले, लुटले गेले, ते सगळं सांगतात. शूरपणाचा आव नाही. पण ते पुस्तक झालं कसं? चिंतामण विनायक वैद्य भटजींना म्हणाले, तुम्ही पाहिलंत ते लिहून काढा. भटजींनी लिहिलं. वैद्यांनी ते १९०७ ला छापलं, स्वतःच्या हाताने साफसूफ करून. मूळ बाड जसंच्या तसं छापून यायला १९६६ उजाडलं, ते काम दत्तो वामन पोतदारांनी केलं. म्हणजे एक विचारणारा भेटला, एक सुधारणारा भेटला (तो एकच होता), आणि साठ वर्षांनी एक जपणारा भेटला.

आता त्याच झाशीच्या तटाच्या बाहेर या. बाहेर ह्यू रोजची फौज. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि मुंबईच्या पलटणींत तेव्हा महार होते. हैदराबाद कंटिंजंटही होतं. त्याची एक छावणी आपल्या हिंगोलीत. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, तेव्हा हे काही लांबचं नाही. तटाच्या आत एक मराठी बोलणारा माणूस, बाहेर कितीतरी. आतल्याला वैद्य भेटले. बाहेरच्यांना कोण भेटणार? त्यांच्या सावलीला जाऊन बसणारा तरी कोण होता?

आणि समजा भेटला असता, लिहून घेतलं असतं. ते वाचणं आपल्याला तरी सोपं गेलं असतं का? आपला माणूस झाशीवर चालून गेला होता. त्याने काय पाहिलं, काय केलं, लूट घेतली की नाही, राणीबद्दल त्याला काय वाटलं? त्याची उत्तरं आपल्या जयंतीच्या भाषणात बसली नसती. मला वाटतं म्हणूनच ती पाहिजे होती.

लिहिणारे फौजी आपल्यात नव्हते असंही नाही. गोपाळबाबा वलंगकर पेन्शनर फौजी. पलटणीत अक्षरओळख झाली आणि त्या अक्षरांनी त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, पहिला घाव घातला. स्वतःच्या लढाया लिहायला त्यांना सवड नव्हती, गरजही वाटली नसेल. समोर मोठी लढाई होती. मग १८९२-९३ च्या सुमाराला सरकारने महारांची भरतीच बंद केली. तिथून पुढे आपल्या फौजीच्या गोष्टीने अर्जाचं रूप घेतलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्या काळातले आपले अर्ज वाचा. आमच्या बापजाद्यांनी अमक्या लढाईत रक्त सांडलं, तमक्या वेढ्यात राहिले, म्हणून आम्हाला पुन्हा पलटणीत घ्या. अर्ज करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पोटाचा आणि मानाचा प्रश्न होता. पण अर्जाची भाषा हात जोडलेली असते. अर्जात माणूस एकनिष्ठ असतो, शूर असतो. तो भ्यायला, पळावंसं वाटलं, रात्री बायको आठवून रडला, हे अर्जात लिहिता येत नाही. आपली ही सवय अजून गेलेली नाही. आज आपण अर्ज करत नाही, भाषण करतो. भाषणातही तो फक्त शूरच असतो.

भरती बंदीने नुसती नोकरी गेली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकारी सेन्सॉर उघडून वाचायचे, उतारे इंग्रजीत करून ठेवायचे. ते उतारे लंडनमध्ये जपून आहेत. डेव्हिड ओमिसीने त्यातली निवडक पत्रं १९९९ ला पुस्तकात आणली. पंजाबी शीख, मुसलमान, पठाण, जाट, गढवाली... शिपाई तिथे बोलतो. थंडीबद्दल, मेलेल्या मित्राबद्दल, गावच्या कर्जाबद्दल बोलतो. आपला माणूस त्यात शोधायला जाऊ नका. आपल्याला लढाऊ जातीच्या यादीतून काढलेलं होतं. १११ महार पलटण उभी राहिली ती १९१७ ला, आणि १९२१ ला मोडूनही टाकली. यादीतून नाव गेलं की दप्तरातून आवाज जातो तो असा.

शत्रूनेही आपल्यापेक्षा जास्त केलं म्हणावं लागेल. जर्मनांनी पकडलेल्या हिंदी शिपायांचे आवाज बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ छावणीत तबकडीवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ ला मल्लसिंग नावाच्या शिपायाने तिथल्या भोंग्यापुढे घरचं लोणी आठवलं, परत जायची आस सांगितली. जर्मन पंडितांना त्याच्या लोण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना भाषेचा नमुना पाहिजे होता. तरी माणूस निसटून तबकडीत आलाच.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता, हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्याला पाठ नाही ते सांगतो. १९४६ ला ती मशीनगन रेजिमेंट झाली. मशीनगनवाल्यांच्या तुकड्या वाटून देतात, ह्या ब्रिगेडला एक, त्या ब्रिगेडला एक. १९४७-४८ च्या काश्मिरात आपल्या तोफखाण्यासारख्या धडधडणाऱ्या मशीनगनी दुसऱ्यांच्या पलटणींना टेकू देत होत्या. साहजिकच त्यांची गोष्टही दुसऱ्यांच्या इतिहासात तळटिपेसारखी विखुरली.

त्याआधीचं १९४७ बघा. पंजाब बाउंड्री फोर्समध्ये महार बटालियन होत्या. निर्वासितांचे काफिले, रेल्वेगाड्या, त्यांच्या पहाऱ्यावर आपली माणसं. फाळणीवर उर्दू, पंजाबी, हिंदीत केवढं साहित्य झालं. मराठी समीक्षक हळहळतात की आपल्याकडे फाळणीचा अनुभव नव्हता हो, म्हणून साहित्य नाही. अनुभव होता! तो महारवाड्यात परत आला, खुंटीला टोपी अडकवली आणि गप्प बसला. त्याला कोणी मराठी माणूस समजून विचारलंच नाही. पांढरपेशा समीक्षकाने नाही विचारलं, समजू शकतो. आपण?

अण्णा भाऊंनी स्टॅलिनग्राडचा पोवाडा रचला. लाल फौजेचा शिपाई चिरागनगरच्या माणसाला आपला वाटला, ही आपल्या साहित्याची श्रीमंती आहे. पण त्याच महायुद्धात महार रेजिमेंटची दुसरी बटालियन ब्रह्मदेशात होती. तिच्यातल्या एका माणसाचं ब्रह्मदेश मराठीत वाचल्याचं मला आठवत नाही.

रेजिमेंटचा इतिहास आहे. व्ही. लाँगर यांचं 'फोरफ्रंट फॉर एव्हर', १९८१. इंग्रजीत. अशा इतिहासांचा साचा ठरलेला असतो. बटालियन अमुक तारखेला तमुक टेकडीवर पोचली, कमांडिंग ऑफिसर कोण, पदकं किती. हे काम कुणीतरी करायलाच पाहिजे, आणि रेजिमेंटने केलं. पण नाईक, शिपाई त्यात आकड्याने येतो. सरकारने २०२१ च्या जूनमध्ये धोरण काढलं, लढायांचे इतिहास ५ वर्षांत तयार करायचे, युद्ध-डायऱ्या वगैरे दप्तरं संरक्षण खात्याच्या इतिहास विभागाकडे द्यायची. चांगलं आहे. पण युद्ध-डायरी अधिकारी लिहितो. अमेरिकेने २००० साली कायदा करून म्हाताऱ्या फौजींच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली, घरातल्या पोराने आजोबाची घेतली तरी सरकारी ग्रंथालय ती ठेवून घेतं. त्यातही माणसाला विचारतात, कोणत्या युद्धात होतात? ह्या प्रश्नावर मी पुढे येतो, कारण माझं तिथेच नाक कापलं गेलं.

आपल्या आत्मकथनांबद्दल थोडं. 'बलुतं' १९७८ चं, 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं. ह्या पुस्तकांनी आम्हाला बोलतं केलं, त्यांचं ऋण आहे. पण आपल्या आत्मकथनांतला 'मी' बहुतेक शिकलेला पोरगा आहे. शाळा, वसतिगृह, कॉलेज, नोकरी, मग लेखणी. ज्याच्या मनीऑर्डरीवर ती फी भरली गेली तो फौजी काका, फौजी भाऊ कोपऱ्यात ट्रंकेवर बसलेला असतो. सुटीवर येतो, रम आणतो, बिस्किटं वाटतो, जातो. कुठे जातो? लेखकाने मागे जाऊन बघितलं नाही. जो शिकला त्याचंच जगणं अनुभव ठरलं. वेदना, विद्रोह, नकार ह्या शब्दांची आपली समीक्षा ह्या माणसापाशी येऊन अडते. तो नकार देत नाही ना, सॅल्यूट करतो!

आता माझं नाक.

गंगाखेडकडच्या एका गावात एक फौजी आहेत. नाईक म्हणून रिटायर झाले. गाव सगळ्याच फौजींना मेजर म्हणतं, तसं त्यांनाही मेजर म्हणतं. ऐंशीच्या पुढे गेलेत. चीनच्या लढाईनंतर भरती जोरात निघाली तेव्हा, १९६३ ला लागले, १९७८ च्या सुरुवातीला पेन्शनवर आले. मी मोबाईल घेऊन गेलो. जयभीम केला, चहा झाला. म्हटलं, "मेजरकाका, लढाईचं सांगा."

ते म्हणाले, "कोणची लढाई सांगू?"

मला वाटलं पासष्टची का एकाहत्तरची, असं विचारताहेत. म्हटलं, एकाहत्तरची सांगा.

मी प्रश्न लिहून नेले होते. कंपनीत जात पाळायचे का? बाबासाहेबांचा फोटो लावू द्यायचे का? अधिकारी कोणत्या जातीचे? काका एका शब्दात उत्तर द्यायचे आणि पुन्हा वाळूत शिरायचे. बाडमेरच्या पुढची वाळू. दिवसा ऊन, राती दात वाजायचे. पाणी मोजून, माणशी एक बाटली. त्यांच्या सेक्शनमध्ये एक मद्राशी पोरगं होतं. त्याला ह्यांची भाषा येईना, ह्यांना त्याची. ते पोरगं बाटलीच्या झाकणाने पाणी मोजून प्यायचं. काकांचं पाणी दुपारलाच संपायचं, मग ते पोरगं आपल्या बाटलीतलं झाकणं मोजून द्यायचं. मी मध्येच, "काका, ते कोणत्या जातीचं होतं?" काका म्हणाले, "मला काय म्हाईत? मद्राशी व्हतं." तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याचा पाय माईनवर पडला. काका पुढचं बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "बूट नवे व्हते त्याचे."

मग एकदम बहात्तरवर आले. सुटीवर आले तर विहिरी कोरड्या, गाव खडीवर. बायको खडी फोडायला. काका कामावर बघायला गेले, वर्दी न घालता. तिथे पाण्याचा रांजण. आपल्या बाया ओंजळ धरून उभ्या, एक माणूस वरून पाणी ओततोय. "वाळूत मद्राशाच्या बाटलीला तोंड लावून प्यालो. हितं माह्या बायकोला वरून पाणी. म्या काही बोललो न्हाई. सुटी आठ दिवस राह्यली व्हती, पाच दिवसांतच परत गेलो."

आणि मग अठ्ठ्याहत्तर. पेन्शनीच्या पैशातून घरावर नवी पत्रं टाकली. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला, हे तुम्हाला मी सांगायला नको. काकांची वस्ती पेटली. ट्रंकेत डिस्चार्ज बुक होतं, पश्चिमी स्टार होता, फोटो होते. सगळं गेलं. रातभर ज्वारीच्या रानात पडून राहिले, बायको, दोन लेकरं. काका म्हणाले, "म्या लेकरांना कव्हर कसं घ्यायचं ते शिकवलं. पोटावर पडा, डोकं वर काढू नका. पाकिस्तानच्या लढाईत माहं काही जळालं न्हाई."

तेव्हा मला पहिला प्रश्न कळला. कोणची लढाई सांगू?

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो. मी घरी येऊन लेख लिहिला. जयंतीच्या अंकासाठी. मद्राशी पोरगं काढून टाकलं, विषयाला धरून नाही म्हणून. रांजण ठेवला. ज्वारीचं रान ठेवलं. काका तिथे बोलले नाहीत ते बरं दिसेना, म्हणून त्यांच्या तोंडी खडीवर एक करारी वाक्य घातलं. बाबासाहेबांचं एक नाव घातलं. आठ दिवसांत परत न जाता ते भांडले, असं काही लिहिलं नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटावं एवढी सोय केली. भाषा साफसूफ केली. मग तो लेख काकांना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला.

म्हणाले, "चांगलंय. कोणाचं हाय?"

मित्रांनो, वैद्यांवर मी आता काय टीका करू? त्यांनी भटजींचं जे केलं तेच मी मेजरांचं केलं, आणि माझ्यापाशी तर बांधिलकी नावाचा मोठा शब्द होता. बांधिलकीने मी एका माणसाचं न बोलणं चोरलं. पाच दिवसांत परत जाणं ही त्या माणसाची सगळ्यात अवघड गोष्ट होती. पन्नास वर्षं त्याने ती सांभाळली, मला दिली, आणि मी ती दुरुस्त केली. आपली समीक्षा ज्याला जाणीव म्हणते ती त्या गप्प परत जाण्यात नाही का? मद्राशी पोराच्या झाकणात नाही का? मी ती फक्त घोषणेत शोधायला गेलो होतो.

लेख फाडला. मोबाईलमधलं पुन्हा ऐकून जसंच्या तसं उतरवतोय. 'व्हतं' आहे तिथे 'व्हतं', गप्प आहेत तिथे 'गप्प' असं लिहून. माझे मूर्ख प्रश्नसुद्धा ठेवलेत, म्हणजे कोण कोणाला कुठे ओढत होता ते वाचणाऱ्याला दिसेल.

तुमच्याही गावात असे मेजर असतील. एकाहत्तरचे आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे. श्रीलंकेत गेलेले साठीच्या आसपास, कारगिलवाले अजून बोलण्याच्या उमेदीत. प्रश्नांचा कागद घरी ठेवा. पहिल्या खेपेला चहा पिऊन या. ट्रंक उघडली तर पत्रं, फोटो यांचे मोबाईलवर फोटो घ्या, वस्तू तिथेच राहू द्या. ती घेऊन यायची नाही, आपल्याकडे हरवतात. आणि उतरवलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. 'कोणाचं हाय' असं विचारलं तर पुन्हा उतरवायचं. आवाज दोन ठिकाणी ठेवा. मोबाईल फुटतात.

परवा उतरवलेलं वाचायला पुन्हा गेलो तेव्हा काकी चुलीपाशी होत्या. बुटांचं त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं. काकांकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मी निघताना बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचं झालं असंल तर माहं घे. खडीवर मी व्हते, हे नव्हते." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पावणेदोन तास बोलल्या. ते पुढच्या अंकाला देतो.